चिंचोक्याएवढी कवटी

धम्मशीलाला परभणीच्या कॉलेजात नोकरी लागली त्या दिवशी तिचे वडील दत्तराव झरीच्या बसस्टँडवर भेटेल त्याला अडवून सांगत होते, "लेक सायंटिस लागली." खरं तर ती लागली होती प्रयोगशाळा परिचर म्हणून. प्राणिशास्त्राच्या प्रॅक्टिकलचे ट्रे धुवायचे, बरण्यांमधलं फॉर्मॅलिन बदलायचं, काचपट्ट्या पुसून खोक्यात लावायच्या, मुलं गेली की टेबलं पुसायची. बी.एस्सी. झालेल्या मुलीला हे काम कमीपणाचं वाटलं असतं. पण ती पंचवीस वर्षांची होती, लग्न होऊन वर्षभरात पूर्णेहून माहेरी परतली होती, आणि घरात बसून आईच्या तोंडाकडं बघत दिवस काढण्यापेक्षा फॉर्मॅलिनचा वास तिला बरा वाटत होता. रोज झरीहून सकाळच्या बसनं यायचं, संध्याकाळच्या बसनं जायचं.

पहिल्याच वर्षी विभागातलं सूक्ष्मदर्शकाचं एक भिंग हरवलं. प्राध्यापक, कारकून, शिपाई, सगळे त्या खोलीत येत-जात असायचे, पण पिशवी उघडून दाखवायला पहिल्यांदा सांगितलं गेलं ते धम्मशीलाला. तिनं डबा, ओढणी, बसचा पास, सगळं टेबलावर काढून ठेवलं. कोणी दुसऱ्याची पिशवी बघितली नाही. आठ दिवसांनी भिंग एका प्राध्यापकांच्या ड्रॉवरमध्ये सापडलं, तेव्हा "बरं झालं" एवढंच सगळे म्हणाले. त्या दिवसापासून तिनं कॉलेजच्या फाटकातून टिपकागदाचा तुकडासुद्धा बाहेर नेला नाही. घरून आणलेली पेन्सिलही ती कपाटातच ठेवून यायची.

गोविंदराव सर विभागाचे प्रमुख. उंच, किडकिडीत, खांद्याला कायम कापडी पिशवी. मुलांना ते फारसे आवडायचे नाहीत, कारण ते हळू बोलत आणि उत्तर येईपर्यंत थांबत. २००६ च्या उन्हाळ्यात परीक्षा संपल्या, विभाग ओस पडला. एका दुपारी धम्मशीला फुटक्या काचपट्टीवरची नाजूक काच सुईनं सोडवत होती. सर मागे येऊन उभे राहिलेले तिला कळलंच नाही.

"तुमचा हात थरथरत नाही," सर म्हणाले.

ती दचकली. "ब्लाउजला हूक लावते सर. गल्लीतल्या बायकांचे. सवय हाय."

सरांनी किल्ल्यांचा जुडगा काढून कोपऱ्यातलं शेवटचं कपाट उघडलं. ते कपाट तिनं आजवर उघडं बघितलं नव्हतं. आत जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळलेले सात लाल दगड होते. गेरूसारखे लाल, ओंजळीएवढे, एक-दोन थोडे मोठे. सरांनी एक उचलून बायनाक्युलर सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि तिला बघायला सांगितलं. आधी तिला नुसता लाल चिखल दिसला. मग त्यात एक पांढुरकी रेघ. रेघेपाशी आणखी एक.

"पाल हाय का सर?"

"पाल यायला अजून पुष्कळ वेळ होता." सर हसले. असे ते क्वचित हसायचे. "आपली गोदावरी गंगाखेडावरून जाते ना, तीच पुढं आंध्रात शिरते. तिथं तिच्या खोऱ्यात हा लाल दगड आहे. आपल्याकडचा दगड काळा, लाव्हाचा. त्यात हाड शोधायला बसलं तर जन्म जाईल. हा मात्र चिखलाचा. सव्वीसेक कोटी वर्षांपूर्वीच्या चिखलाचा."

"डायनासोरच्या टायमाचा?"

"त्यांचा तर तेव्हा पत्ताही नव्हता."

मग स्टुलावर बसून त्यांनी तिला सगळं सांगितलं. माशांच्या एका शाखेतून चार पायांचे जीव निघाले, हळूहळू जमिनीवर आले. त्यांच्या सुरुवातीच्या गोतावळ्यात काही बारकी मंडळी होती. लांबुळकं अंग, इवलेसे हातपाय, बिळात नाहीतर पाल्यापाचोळ्यात राहणारी. त्यांना मायक्रोसॉर म्हणतात. म्हणजे बारका सरडा. पण ते सरडे नव्हेत, नाव ठेवणाऱ्याची चूक. त्यांचा वंश पुढं चालला की तिथंच खुंटला, यावर विद्वानांची अजून भांडणं आहेत. आपल्या देशात कोणाला ते सापडल्याचं सरांच्या वाचनात नव्हतं.

"हे तेच असतील तर मोठी गोष्ट आहे," सर म्हणाले. "नसतील तर मी वेडा. ते ठरवायचं तर दगड काढावा लागेल. माझा हात आता तेवढा स्थिर नाही. तुम्ही काढाल?"

असं तिला आजवर कोणी काही मागितलं नव्हतं.

काम सुरू झालं. प्रॅक्टिकल संपली की दुपारी तीन ते पाच. हत्यार म्हणजे शिवणाची सुई, धार लावायच्या दगडावर घासून अणकुचीदार केलेली आणि लाकडी मुठीत बसवलेली. सोबत खारीच्या केसांचा कुंचला, ॲसिटोनची बाटली आणि हाड सुटायला लागलं की त्याचा भुगा होऊ नये म्हणून थेंबभर लावायचं डिंकासारखं पातळ द्रावण. दोन तासांत मोहरीच्या दाण्याएवढा दगड निघायचा. कधी तेवढाही नाही. श्वास रोखून एक कण उचकटायचा, मान वर करायची, श्वास सोडायचा, पुन्हा खाली वाकायचं. पहिल्या सहा महिन्यांत तिची मान धरली. लक्ष्मीबाई, तिची आई, रोज रात्रीच्या जेवणाआधी तिच्या मानेला तेल लावून द्यायची आणि विचारायची, "काय करायलीस गं दिवसभर? दगड फोडायलीस का?"

"फोडायले न्हाई माय. सोडवायले."

कवटी आधी वर आली. चिंचोक्याएवढी. पहिल्या दिवशी डोळ्याची खोबण, महिन्याभरानं दुसरी. जबड्यात दात, तिळाच्या टोकासारखे, ओळीनं. मग मान, मग पाठीचे मणके एकामागून एक, दोऱ्यात ओवल्यासारखे. प्राणी अंगाचं वेटोळं करून निजला होता. धम्मशीलाला त्याची लांबी अंदाजानं मोजता येई: सरळ केला तर वीतभर भरला असता.

दोन वर्षांनी पुढचा उजवा पाय निघाला. सरांनी आधीच सांगून ठेवलं होतं की सगळं दोन गोष्टींवर ठरणार. एक, मानेचा पहिला मणका. मायक्रोसॉरच्या त्या मणक्याला पुढं जिभेसारखा उंचवटा असतो आणि तो कवटीच्या तळाशी जाऊन बसतो. दुसरी, हाताची, म्हणजे पुढच्या पायाची, बोटं. सरड्याला पाच. यांना पाच कधीच नाहीत.

त्या दिवशी सर वर्गावर होते. धम्मशीलानं शेवटचा कण काढला, कुंचला फिरवला आणि मोजलं. पुन्हा मोजलं. पाचव्याची जागा धुंडाळली, तिथं नुसता दगड होता, आरपार. तिनं कपाट बंद केलं, दार ओढून घेतलं आणि जिन्याखाली उभी राहिली. सर येताना दिसले तेव्हा तिच्या तोंडून एवढंच निघालं, "सर, चारच हायत."

सर जिने चढले, भिंगातून बघितलं, आणि बराच वेळ मान वर केली नाही. मग म्हणाले, "अगं, तू हे केलंस." त्या दिवसापासून ते तिला अगं-तूगं करायला लागले.

मानेचा तो पहिला मणका कवटीखालून मोकळा व्हायला आणखी दीड वर्ष लागलं. तोही सरांनी सांगितला होता तसाच निघाला.

इथपर्यंत सगळं नीट होतं. बिघडलं ते यापुढं, आणि ते बिघडायलाही कोणी वाईट माणूस आड आला नाही.

सर लिहायला बसले. हिरव्या रेक्झिनच्या वहीत त्यांची जागेची टिपणं होती: दगड कुठल्या नाल्यात, कुठल्या थरात, वर काय खाली काय. त्या वहीवरून आणि भिंगातून बघून ते इंग्रजीत मजकूर लिहीत, खोडत, पुन्हा लिहीत. लेखकांत धम्मशीलाचं नाव दुसरं असेल, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं. तिनं घरी जाऊन वडिलांना सांगितलं. दत्तरावांना लेख म्हणजे पुस्तक वाटलं. त्यानंतर दर महिन्याला ते विचारत, "आलं का पुस्तक?"

पुस्तक येत नव्हतं. सरांचं समाधान होत नव्हतं. वरची बाजू झाली तर म्हणत, आता टाळूची बाजू उघड. ती उघडायला दोन वर्षं. मग दुसऱ्या दगडातला प्राणी. मग तिसऱ्यातला. २०११ साली सर निवृत्त झाले, तरी रोज तीन वाजता येत राहिले, नव्या प्रमुखांना नमस्कार करून कोपऱ्यातल्या टेबलाशी बसत. एकदा धम्मशीलानं धीर करून विचारलं, "सर, आता धाडून द्या ना. लोकांना बघू द्या."

"एकदा छापलं की चूक पुसता येत नाही," सर म्हणाले. "आपण परभणीचे. आपल्या चुकीला कोणी माफ करणार नाही."

त्यांचं म्हणणं तिला पटलं होतं, कारण चुकीची भीती तिच्याही अंगात मुरलेली होती. पुढं कित्येक वर्षं ती त्या दुपारकडं वळून बघायची आणि स्वतःला विचारायची की मी तेव्हा भांडले का नाही.

दत्तराव २०१५ साली गेले. शेवटच्या आठवड्यात त्यांना माणसं ओळखू येत नव्हती, पण पुस्तकाचं विचारत होते. धम्मशीलानं सांगितलं, "आलं, बाबा." घरातली कुठलीतरी जाड वही त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उशाशी ठेवून घेतली.

सरांच्या हाताचा कंप वाढत गेला. २०१९ पासून त्यांना जिना चढवेना. मजकूर घरी, वही घरी, दगड कॉलेजात. त्या मधल्या दीड मैलावरून धम्मशीला निरोप घेऊन जायची-यायची. सर म्हणत, दगड घरी घेऊन ये, शेवटची मापं घेतो. ती म्हणायची, "प्राचार्यांचा कागद द्या सर, मग आणते." सर हसायचे. त्या दगडांची कॉलेजच्या कुठल्याच नोंदवहीत नोंद नव्हती, ते सरांनी स्वतः खांद्यावरून आणलेले होते. पण फाटकातून पिशवीत काही न्यायचं म्हटलं की तिला टेबलावर काढून ठेवलेला आपला डबा आणि ओढणी आठवायची. कागद मागायचा राहिला, आणि मग करोना आला.

एप्रिल २०२१ मध्ये दवाखान्यातून सरांचा फोन आला. श्वास अडकत होता. "वही... मधूच्या खोलीत, खालच्या खणात. तू घे. तूच घे ती."

"तुमी बरे होऊन या सर. मग बघू."

सर तिसऱ्या दिवशी गेले. त्यांची मुलगी मधुवंती पुण्याहून आली तेव्हा रस्त्यांवर पोलिसांची नाकाबंदी होती. महिन्याभरानं धम्मशीला सरांच्या घरी गेली. फाटकापाशी मधुवंती भेटली, डोळे सुजलेले, दोघी थोडं रडल्या. वहीचं तिच्या ओठांवर आलं होतं. पण ज्या घरातून माणूस नुकतंच गेलं, तिथं जाऊन वस्तू मागायची? तीही आपण? ती म्हणाली, "येते ताई. काळजी घ्या." आणि परतली.

पुढची तीन वर्षं ती एकटी कामाला बसायची. नवे प्रमुख अडवत नव्हते, विचारतही नव्हते. तिसऱ्या दगडातल्या प्राण्याचा मागचा पाय तिनं मोकळा केला. कोणाला दाखवायचा म्हणून मान वर केली की समोर भिंत.

मुलं प्राणिशास्त्राला येईनाशी झाली. २०२४ च्या मे महिन्यात विभाग बंद करून त्या खोल्यांत संगणकाचा अभ्यासक्रम सुरू करायचं ठरलं. धम्मशीलाची बदली परीक्षा विभागात झाली. जुनं सामान मोडीत काढायला समिती नेमली. तेव्हा मात्र तिला खडबडून जाग आली. तिनं मोबाइलवर भिंगातून फोटो काढले, हैदराबादच्या एका संस्थेतल्या, जीवाश्मांवर काम करणाऱ्या बबिता मॅडमचा नंबर कुठून कुठून मिळवला, आणि फोटो पाठवले. मॅडम मूळच्या नागपूरच्या, मराठी बोलणाऱ्या. तासाभरात त्यांचाच फोन आला.

"हे कुणी साफ केलंय?"

"मी केलं मॅडम."

"कवटीची बाह्यरेषा दिसतेय. हात धूसर आहे, बोटं मोजता येत नाहीत. मला दगड बघावा लागेल. आणि जागेची नोंद. कुठल्या थरातला ते कळलं नाही तर लाख सुंदर असला तरी त्याचं काही करता येत नाही. आहे ना नोंद?"

"हाय," धम्मशीला म्हणाली, आणि फोन ठेवून मधुवंतीला लावला.

मधुवंतीनं ओळखलं, चौकशी केली, मग वहीचं ऐकून थांबली. "अगं, ते घर आम्ही दीड वर्षापूर्वी विकलं. बाबांचे कागद पोत्यांनी होते. मला काय कळतंय त्यातलं? रद्दीवाला दोन फेऱ्या मारून घेऊन गेला." मग ती म्हणाली, "तू एकदा फोन करायचास ना, धम्मशीला. एकदा तरी."

धम्मशीलानं फोन ठेवला. तिनं बबिता मॅडमना खरं ते सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "तरीही घेऊन या. हाताची चार बोटं आणि तो मणका मी डोळ्यांनी बघितला, तर निदान पुन्हा शोध घ्यायला कारण मिळेल. या महिन्यात या."

तिनं रजेचा अर्ज लिहिला. दगड न्यायला परवानगी मागणारा दुसरा अर्ज लिहिला, प्राचार्यांच्या टेबलावर ठेवला. भांडाराचे परमेश्वर भाऊ साधे माणूस होते, त्यांना सांगितलं, "भाऊ, कोपऱ्यातलं कपाट तेवढं हलवू नका. सही होऊन आली की मी मोकळं करून देते."

"सोमवारपर्यंत कोण हात लावतंय ताई? बिनघोर राहा."

शुक्रवारी सकाळी झरीत लक्ष्मीबाई न्हाणीघरात घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. परभणीच्या सरकारी दवाखान्यात पाच दिवस धम्मशीला आईच्या खाटेशी होती. ऑपरेशन, रक्त, औषधं. दवाखान्यापासून कॉलेज दीड-दोन किलोमीटर. तिला एकदा वाटलं, धावत जाऊन यावं. पण आई तिचं मनगट सोडत नव्हती.

बुधवारी ती कॉलेजात गेली. विभागाचं दार सताड उघडं होतं. आत भिंतींना नवा रंग लागत होता. कोपऱ्यातलं कपाट व्हरांड्यात उन्हात ठेवलेलं, रिकामं, कप्पे पुसलेले.

परमेश्वर भाऊ धावत आले. "ताई, शनिवारीच वरून हुकूम आला. नव्या कोर्सचे पाहणीवाले आठ दिवस आधीच येणार म्हणाले. सगळ्या बरण्या, सांगाडे रजिस्टरला टिक करून मोडीत दिले."

"आन् दगड?"

"दगडांची नोंदच नव्हती कुठं. साहेब म्हणले, टाका भरणीत. तुमचा अर्ज..." ते अडखळले. "अर्ज फायलीतच हाय. ताई, दगडच होते ना?"

ती ऑफिसच्या मागं गेली. मोटारसायकली लावायला नवी जागा करत होते. मुरूम टाकून रोलर फिरवला होता आणि अर्ध्या भागावर सिमेंटचे ठोकळे बसवूनही झाले होते. दोन मजूर बाया पुढचे ठोकळे रांगेनं लावत होत्या.

प्राचार्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. ते रागावले नाहीत. "बाई, बसवलेले ब्लॉक मी कशाच्या आधारावर उखडायला सांगू? त्या दगडांच्या नोंदीचा कॉलेजकडचा एक कागद दाखवा."

एकही कागद नव्हता.

रविवारी ती खुरपं घेऊन आली. ठोकळे न लागलेल्या भागात दिवसभर उकिडवी बसून तिनं मुरूम चाळला. मुरूमही तांबूस, त्यातून लाल दगड वेगळा काढणं म्हणजे डोळ्यांची परीक्षा. उन्हात अंग पोळत होतं. संध्याकाळपर्यंत तिला दोन तुकडे मिळाले. एकावर काहीच नव्हतं. दुसऱ्यावर चार-पाच बरगड्या, केसांएवढ्या, मधून चुरडलेल्या. रोलरखाली बाकीचं पीठ झालं होतं, नाहीतर ठोकळ्यांखाली होतं. कवटी नव्हती, हात नव्हता, मणका नव्हता. तिनं दोन्ही तुकडे ओढणीत बांधले आणि पिशवीत टाकून फाटकातून बाहेर पडली. रखवालदार फोनवर बोलत होता. त्यानं तिच्याकडं बघितलंही नाही. बसमध्ये बसल्यावर तिला रडू आलं ते त्याचंच.

यंदाच्या फेब्रुवारीत बबिता मॅडम मनमाडकडं जायला निघाल्या होत्या, मध्ये परभणीला उतरल्या. पुढच्या गाडीला दोन तास होते. स्टेशनच्या प्रतीक्षालयात दोघी बाकावर शेजारी बसल्या. मॅडमनी खिशातलं भिंग काढून तुकडा उलटसुलट बघितला, खिडकीशी नेऊन बघितला.

"काम अप्रतिम आहे," त्या म्हणाल्या. "पण बरगड्या कुणाच्याही असू शकतात."

"ठाऊक हाय मॅडम."

"मला आठवून सांगता येईल का? कवटी कशी होती?"

धम्मशीलानं पिशवीतून परीक्षा विभागाचा एक पाठकोरा कागद काढला आणि चित्र काढायला घेतलं. चित्रकला तिला कधी येत नव्हती. पण पेन्सिल टेकली आणि हात आपोआप चालू लागला. कवटीच्या हाडांचे सांधे, कुठला कुठं वळतो, कुठला दुसऱ्याच्या आत शिरतो. टाळू. दातांची संख्या, त्यातला एक मोडका. पहिला मणका, त्याचा उंचवटा, त्याच्या डाव्या कडेला असलेली बारीक खाच. मग हात. चार बोटं, प्रत्येकाची पेरं. मॅडम आधी प्रश्न विचारत होत्या. हळूहळू त्यांनी विचारणं सोडलं आणि नुसत्या बघत राहिल्या. मध्येच एक गाडी आली, गेली.

"ही खाच पुस्तकात नाही," मॅडम हळू म्हणाल्या. "ही बघितल्याशिवाय कुणी काढणार नाही. मला पटलंय, धम्मशीलाताई. शंभर टक्के पटलंय."

धम्मशीलानं वर बघितलं.

"पण माझं पटणं म्हणजे पुरावा नव्हे. दगड नाही, जागा नाही, स्पष्ट फोटो नाही. आठवणीवरून काढलेल्या चित्रावर जगात कुठंच काही छापत नाहीत. आणि छापूही नये." त्यांचेही डोळे भरले होते. "सर कधी जागेबद्दल काही बोलले?"

"नाल्याच्या वळणावर, पळसाची झाडं होती म्हणायचे."

त्या लाल पट्ट्यात तसे नाले किती असतील, हे दोघींनाही कळत होतं. गाडीची घोषणा झाली. मॅडमनी कागद मागून घेतला, खाली सही करायला आणि तारीख टाकायला सांगितलं, आणि विचारलं, "चौथ्या बोटाला पेरं तीनच ना? नक्की?"

"नक्की. तीन," धम्मशीला म्हणाली.

मॅडम डब्याच्या दारातून हात हलवत गेल्या. धम्मशीला बसस्टँडवर आली, झरीच्या बसमध्ये खिडकीशी बसली. बस रेल्वे फाटकापाशी थांबली तेव्हा तिनं सवयीनं डोळे मिटले आणि तो हात डोळ्यांपुढं आणला. पहिलं बोट. दुसरं. तिसरं, सगळ्यांत लांब. चौथं. चौथ्याचं शेवटचं पेर वेगळं होतं, की ती शेजारच्या दगडातली दुसऱ्या प्राण्याची चकती होती, जी तिनं नंतर काढून टाकली? पेरं तीन होती की दोन? तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पंधरा वर्षं रोज बघितलेला हात. तिसऱ्यापर्यंत तो लख्ख दिसायचा आणि चौथ्यापाशी नुसता लालसर धूर व्हायचा.

झरी येईपर्यंत तिनं वाट बघितली, आठवेल म्हणून. मग स्टँडवर उतरून, फोन काढून मॅडमना लिहिलं: "चौथ्या बोटाची खात्री नाही. दोन असतील. खोटं नको म्हणून कळवते."

थोड्या वेळानं उत्तर आलं: "बरं. तसं कागदावर लिहून ठेवते."

घरी लक्ष्मीबाई वॉकर धरून दारापर्यंत आल्या होत्या. "लय उशीर केलास. मोठी बाई काय म्हणली?"

"काम चांगलं हाय म्हणली," धम्मशीला म्हणाली, आणि चुलीपाशी जाऊन पीठ मळायला बसली.